ताडपत्री वर गुंडाळा, खाली पाचट अंथरा

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, मी निफाड तालुक्यातला, वय २७. घरची अडीच एकर जमीन. एक एकर द्राक्षबाग, बाकी मका-कांदा. नोव्हेंबरअखेर एका तबेल्यातून म्हशीची नऊ नर रेडकं आणली. तिथं ती तशीही जगत नाहीत, म्हणून स्वस्तात मिळाली. पोसून मोठी करायची आणि वजनावर विकायची, असा विचार आहे. तीन लहान होती, दीड-दोन महिन्यांची. बाकी सहा चार-पाच महिन्यांची. डिसेंबरच्या थंडीत लहानांतली दोन गेली. आता सात उरली. गोठा दहा बाय बारा फूट, वर पत्रा. थंडी लागू नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री जमिनीपर्यंत बांधली आहे. रात्री कोपऱ्यात भुशाची शेकोटी ठेवतो. तरी चार रेडकं खोकतात, नाकातून पाणी गळतं. लहानग्याला दोन्ही वेळचं मिळून लिटरभर दूध देतो. मोठ्यांना उसाचे वाढे, मकवण आणि कांदाचाळीतला निवडून काढलेला कांदा भरपूर. एकाची लघवी दोन दिवसांपासून चहासारखी होते. गाव हसतं, ‘टोणगे कोण पोसतं’ म्हणून. आणि शेवटी ती खाटकाकडे जाणार म्हणून आई माझ्याशी नीट बोलत नाही. गोठा अजून गरम कसा ठेवू, काय खाऊ घालू, ते सांगा. माझं चुकतंय का, तेही सांगा.

उत्तर

भाऊ, पुढचं सगळं नंतर वाचा. ज्याची लघवी चहासारखी होते ते रेडकू आधी वेगळं बांधा आणि सगळ्यांच्या पुढ्यातला कांदा आत्ता उचला. पात, साल, सडका, निवडीचा, कुठलाच नको. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. एखादे दिवशी चार कांदे खाल्ले तर काही दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. रोज पाटीभर मिळायला लागला की मात्र काही दिवसांतच अंगावर येतं. पापणी उलटून बघा. आतला भाग गुलाबी असायला हवा. तो कागदासारखा पांढरा पडला असेल, रेडकू चार पावलं चालून धापा टाकत असेल, तोंडाला कांद्याचा भपका येत असेल, तर जवळजवळ नक्की समजा. शेजाऱ्याच्या शेळ्या चाळीवर चरतात आणि त्यांना काही होत नाही, हे उदाहरण कुणी दिलं तर ऐकू नका. कांद्याच्या बाबतीत गाय-म्हैस शेळी-मेंढीपेक्षा फार नाजूक आहे.

‘जवळजवळ’ म्हणते, कारण लाल लघवी गोचीडतापातही होते आणि त्याचं औषध अगदी वेगळं आहे. डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासतील, तेव्हाच कळेल. तोवर ताप मोजून ठेवा. साधा थर्मामीटर शेपटीखाली गुदद्वारात एक मिनिट धरायचा. १०१ ते १०२.५ ठीक. १०३.५ च्या वर गेला तर थांबायचं नाही. गावचा दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलवा. त्या रेडकाला पळवू नका, उन्हात तापवू नका. पाणी समोर ठेवा आणि सुका चारा द्या.

आता गोठा. तुम्ही विचारलंत, अजून गरम कसा ठेवू. माझं उत्तर ऐकून कदाचित वाईट वाटेल, पण तो आत्ताच नको तितका बंद आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी असंच एक घर पाहिलं. जानेवारीचा महिना, अकरा वासरं-रेडकं आणि सगळी खोकणारी. मी आठवडाभर रोज सकाळी जाऊन इंजेक्शनं देत होते. सूर्य वर आल्यावर जायची, तोवर मालकाने पडदे उघडलेले असायचे. मला गोठा छान हवेशीर दिसायचा. आठव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी पहाटे साडेपाचला तिथून जात होते, म्हणून सहज डोकावले. पडदा बाजूला केला आणि डोळ्यांतून पाणी आलं. रात्रभरची लघवी, शेण आणि अकरा जिवांचा श्वास त्या पेटीत कोंडला होता. पत्र्याच्या खालच्या बाजूला वाफ गोठून तिचे थेंब रेडकांच्या पाठीवर टपटपत होते. माझी औषधं चुकीची नव्हती, पण दिवसा दिलेलं औषध रात्री तो गोठा परत काढून घेत होता. त्यातली तीन रेडकं गेली. त्या पहाटेनंतर गोठा दिवसा पाहून मी कधीच मत दिलेलं नाही.

तुम्हीही उद्या पहाटे पाचला आत जा. उभं राहू नका, उकिडवे बसा, तुमचं नाक रेडकाच्या नाकाच्या उंचीला येईल असे. तिथं दहा श्वास घ्या. डोळे चुरचुरले, घशात खवखवलं तर तोच अमोनिया ती सात रेडकं रात्रभर ओढतात. त्याने श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं आणि नाकात एरवी निमूट राहणारे जंतू थेट फुप्फुसात उतरतात. तुमच्याकडचा खोकला बहुतेक इथूनच आला आहे. आणि पत्र्याला हात लावून बघा. हात ओला झाला तर तुमच्याकडेही रात्री पाऊस पडतो आहे.

थंडी खरी आहे, ती मी नाकारत नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. तुम्ही लोक बागेत रात्री शेकोट्या पेटवता, मणी तडकू नयेत म्हणून. पण चार महिन्यांच्या पुढचं, पोट भरलेलं, कोरड्या जागी बसलेलं रेडकू ही थंडी सहज काढतं. ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर, अंगावरून वारा जात असताना मात्र तेच रेडकू बारा-चौदा अंशांतही कुडकुडतं. म्हशीच्या अंगावर केस विरळ. लहान रेडकाच्या कातडीखाली चरबी अशी नसतेच. त्याची ऊब येते ती खालच्या अंथरुणातून आणि पोटातल्या चाऱ्यातून. हवा कोंडून ऊब येत नाही, फक्त दमटपणा येतो.

म्हणून ताडपत्री अशी बांधा. वारा ज्या बाजूने येतो, तुमच्याकडे हिवाळ्यात तो उत्तरेकडून आणि पहाटे पूर्वेकडून येतो, त्या दोन बाजूंना जमिनीपासून चार फूट उंचीपर्यंत. चार फूट म्हणजे उभ्या रेडकाच्या पाठीच्या थोडं वर. त्याच्या वर छतापर्यंत दोन-अडीच फूट मोकळं सोडायचं, रात्रीसुद्धा. वारा रेडकाच्या डोक्यावरून जाईल आणि दमट हवा घेऊन बाहेर पडेल. दक्षिणेची बाजू पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे दिवसा ऊन आत येईल. पश्चिमेला पडदा रात्री सोडायचा, सकाळी आठला गुंडाळायचा. पत्र्याच्या मधल्या जोडावर हातभर फट ठेवता आली तर फार उत्तम, वर एक आडवा पत्रा उंचावर बसवला की झालं. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर दोरीने बांधून टाकलात तर रात्री वाफ गोठायची थांबते आणि एप्रिलात तोच थर उन्हाला आडवा येतो.

शेकोटी गोठ्यातून बाहेर काढा. बागेत धूर करता तिथं वर आभाळ असतं. गोठ्यात तो धूर रेडकांच्या छातीत जातो. शिवाय ताडपत्री, पाचट आणि भुशाचा निखारा एका खोलीत, हे मला लिहितानाही बघवत नाही.

आता अंथरूण. खर्च आणि कष्ट करायचे असतील तर सगळ्यात आधी इथं करा. खालची जमीन मुरमाची असेल तर ओला थर खरवडून काढा, चुन्याची भुकटी भुरभुरा, वर कोरडं पाचट वीतभर जाड टाका. पाचट तुमच्या भागात बांधावर जाळलं जातं, मागितलं तर शेजारी देईल. सोयाबीनचं भुसकटही चालतं, पण ते लवकर भिजतं. रोज संध्याकाळी ओला भाग तेवढा काट्याने उचलून वर नवा थर टाकायचा. पुरेसं कोरडं आहे का, हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. पायजमा घालून रेडकं बसतात तिथं गुडघे टेकून मिनिटभर बसा. उठल्यावर गुडघ्यावर ओला डाग दिसला तर रेडकासाठी ते अंथरूण नाही, चिखल आहे. थर असा हवा की बसलेल्या रेडकाचे पाय त्यात बुडून दिसेनासे व्हावेत.

दहा बाय बारा म्हणजे एकशेवीस चौरस फूट, सात जणांना प्रत्येकी सतरा. आज भागतं, पण उन्हाळ्यापर्यंत नाही. गोठ्याला लागून दक्षिणेला तीनशे चौरस फुटांचं एक मोकळं कुंपण करा. बांबू, जुन्या द्राक्षमांडवाच्या तारा, जे असेल ते वापरा. सकाळी नऊ ते चार रेडकं तिथं सुटी राहिली पाहिजेत. काळी कातडी ऊन चांगली ओढते. उन्हात आडवी पडलेली रेडकं रात्री कमी थरथरतात. दावणीला बांधलेलं रेडकू स्वतःच्याच लघवीत बसतं. मोकळं रेडकू कोरडी जागा स्वतः शोधतं.

गोणपाटाची झूल लहानग्याला जरूर शिवा, पोटाखालून नाडी घेऊन. पण रोज सकाळी काढून वाळवा. ओली झूल नसलेली बरी.

लहानग्याचं वेगळं बोलते, कारण त्याचा हिशेब मोठ्यांशी जुळत नाही. तुमची दोन गेली ती थंडीने गेली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती उपाशी होती आणि थंडीने फक्त शेवट केला. दोन महिन्यांच्या रेडकाचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो धरलं तर वजनाच्या दहाव्या हिश्शाने दिवसाला चार ते साडेचार लिटर दूध लागतं. तुम्ही एक लिटर देता. त्या वयाला चारा पचत नाही, चारकप्पी पोट अजून तयार व्हायचं असतं. अंगात जाळायला काही नसतं आणि रात्री पाच अंश. तुम्ही निष्काळजी नव्हता. तबेल्यात त्यांना जेवढं मिळत होतं त्यापेक्षा तुम्ही जास्तच देत होता, हे मला दिसतं. पण उरलेल्या एकाला आजपासून दूध वाढवत चार लिटरपर्यंत न्या, दोनदा-तीनदा विभागून, कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर किंचित ऊन लागलं पाहिजे. एकदम चार लिटरवर जाऊ नका, तीन-चार दिवसांत चढवा, नाहीतर हगवण लागेल. पारा सातच्या खाली जाणार असेल त्या रात्री झोपताना अर्धा लिटर जास्त पाजा. म्हशीचं दूध परवडत नसेल तर गाईचं चालेल. बाजारात वासरांसाठी दुधाची पावडर मिळते, पण पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा पातळ करू नका. सोबत वाटीभर भरडा आणि मूठभर वाळलेला लसूणघास, म्हणजे ल्यूसर्नचा चारा, समोर ठेवा. चाटत चाटत तो खायला लागला आणि रोज अर्धा-पाऊण किलो भरडा संपवायला लागला की दूध कमी करायला सुरुवात करा.

आणि पुढच्या वेळी तीन महिन्यांच्या आतलं रेडकू आणू नका. कितीही स्वस्त असलं तरी. दुधावरचं रेडकू पोसायचं गणित दूध विकणाऱ्या माणसालाही जमत नाही, म्हणून तर ते विकायला निघतं.

मोठ्या सहांचं खाणं. तुमच्याकडे मका आहे, म्हणजे अर्धं काम झालं. आधी वजन काढायला शिका, काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप फिरवून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ४४ आणि लांबी ३६ आली तर साधारण १०५ किलो. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी चाऱ्याआधी मोजायचं आणि वहीत लिहायचं.

नव्वद-शंभर किलोच्या रेडकाला दिवसाला पावणेतीन-तीन किलो कोरडा ऐवज पोटात जायला हवा. म्हणजे वाळलेला चारा बारीक कुट्टी करून सव्वा किलो, हिरवा तीन-चार किलो, आणि खुराक एक किलो. खुराक घरी बनवा. शंभर किलोला मक्याचा भरडा चाळीस, पेंड तीस, तूर किंवा हरभऱ्याची चुनी आणि गव्हाचा कोंडा मिळून सत्तावीस, खनिज मिश्रण दोन, मीठ एक. पेंड अर्धी शेंगदाण्याची, अर्धी सरकीची. लहानग्याच्या भरड्यात मात्र सरकी नको. तिच्यातलं विष मोठ्या जनावराच्या पोटात निकामी होतं, दुधावरच्या रेडकाला ते जमत नाही. पेंड घेताना ढेकूळ फोडून वास घ्या. कुबट वास आला, आत हिरवट-काळी बुरशी दिसली तर पैसे वाचवायच्या मोहात पडू नका. पावसात भिजलेला मकाही तसाच. बुरशीचं विष आधी यकृत खातं, आणि बाहेरून फक्त ‘रेडकू भरत नाही’ एवढंच दिसतं.

मक्याचा भरडा एकदम वाढवू नका. गावात कुणी सांगेल, थंडी आहे, बाजरी-गूळ दे, मका दे, उष्ण असतं. मूठ-दोन मूठ शिजवलेली बाजरी आनंदाने द्या. पण पाटीभर धान्य एका दमात गेलं की पोटात आंबतं, रेडकू बसतं आणि उठत नाही. ऊब धान्यापेक्षा चाऱ्याने जास्त टिकते. सुका चारा पोटात तासन्‌तास आंबत राहतो आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून दिवसाचा मोठा घास संध्याकाळी द्या. बाजरीचं सरमाड, मकवण, कडबा, जे असेल ते सहा-सातला भरपूर समोर टाका, पहाटेपर्यंत थोडं उरलं पाहिजे. रात्री दोनला रवंथ करणाऱ्या रेडकाच्या बरगडीवर हात ठेवून पाहा. तिथं शेकोटी पेटलेली असते, तीही बिनधुराची.

उसाचे वाढे चालतील, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं चुना-तत्त्व बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यांवर वाढलेली जनावरं हाडाने कच्ची राहतात, माती-चिंध्या चाटतात. म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका. लसूणघास पहाटेचा दवासकट टाकू नका, पोट फुगतं. कापून दोन-तीन तास उन्हात सुकवा. आणि बागेच्या छाटणीचा पाला, जो तुम्ही अजून घातलेला नाही असं मी धरते, तो घालूच नका. त्यावर किती फवारण्या झाल्यात हे तुमच्याइतकं मला माहीत नाही.

मुरघासाबद्दल, म्हणजे हवाबंद पिशवीत मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण मका घरचा असताना तो विषय सोडवत नाही. आत्ताच्या रब्बीत दहा गुंठे मका केवळ जनावरांसाठी ठेवा. दाणा चिकातून पुढे सरकून पिठूळ व्हायला लागला की कापा, अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी करा. मूठभर कुट्टी घट्ट दाबून हात उघडा. पाणी टपकलं तर थांबा, एक दिवस सुकू द्या. भुगा होऊन सुटली तर उशीर झाला. गोळा तसाच राहून हळूहळू उलगडला तर भरा. पिशवी भरताना लाथांनी इतकं तुडवा की आत हवा उरू नये, मुरघास बहुतेक वेळा हवेमुळेच बिघडतो. पंचेचाळीस दिवसांनी उघडा. आंबूस-गोड वास आणि पिवळसर-हिरवा रंग आला पाहिजे. काळा चिकट भाग काढून खड्ड्यात टाका, ‘थोडासाच आहे’ म्हणून जनावराला नको. मोठ्या सहांना अर्ध्या किलोपासून सुरू करून तीन-चार किलोपर्यंत न्या. मे महिन्यात हिरवं मिळेनासं होतं, तेव्हा ही पिशवी उघडाल.

पाणी. हिवाळ्यात रेडकं कमी पितात, कारण हौदातलं पाणी रात्रभर गार होऊन दात शिवशिवतील असं झालेलं असतं. पाणी कमी गेलं की चाराही कमी जातो आणि शेण खडा होतं. बोअरचं पाणी मात्र पहाटेही कोमट असतं, थंडीत त्यातून वाफ निघताना तुम्ही पाहिली असेल. सकाळी आठला आणि दुपारी चारला ताजी मोटर चालवून तेच पाजा. एवढा एक बदल केला तरी आठ दिवसांत खाण्यात फरक पडतो.

जंतांचं औषध दिलंय का, हे पत्रात नाही. म्हशीच्या रेडकांना आईच्या दुधातूनच गोल जंत मिळतात. त्यांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. मातकट रंगाचं घाण वासाचं शेण, सुटलेलं पोट आणि खरखरीत केस ही खूण. लहानग्याला लगेच, मोठ्यांनाही डॉक्टरांकडून वजनानुसार, आणि सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला. मानेवर आणि कानामागे केस उलटे करून उवा बघा, हिवाळ्यात फार होतात. धुवायचं तर दुपारी एक वाजता, उन्हात, लगेच पुसून. लाळ्या-खुरकुताची लस चार महिन्यांच्या पुढच्यांना सरकारी मोहिमेत टोचून घ्या. त्याच वेळी कानात बारा अंकी बिल्ला मारून मिळेल. तो नसेल तर पुढे विक्री-वाहतुकीत अडाल.

कायद्याचं एका वाक्यात. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि वळू-बैलांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. तरी तपासणी, दाखला, वाहतुकीचे कागद हे सगळं लागतं, आणि ते तुम्ही स्वतः सांभाळायचं, व्यापाऱ्यावर सोडायचं नाही. चांगल्या पोसणीत रेडकू दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅम वाढतं. शंभर किलोचं तीनशे व्हायला सव्वा वर्ष लागेल. तेवढा काळ दिवसाला एक ते दीड किलो खुराक, तुमच्या बाजारातल्या भावाने, वहीत मांडा. गणित बसत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

आता आईबद्दल. तिला मी चूक म्हणणार नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे, तुमच्याकडून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर. आईने कदाचित तिथं हात जोडले असतील. ज्या घरात ही गोष्ट ऐकत माणूस मोठा झाला, तिथं टोणगा वजनावर विकायचा ही कल्पना घशाखाली उतरत नाही. ते दुःख खरं आहे, त्याला हिशेबाने उत्तर देऊ नका.

पण एक गोष्ट तिला सांगा, किंवा ही ओळ वाचून दाखवा. मी तीस वर्षं तबेल्यांत गेले आहे. नर रेडकू जन्मलं की तिथं घरभर तोंडं उतरतात. त्याला कुणी मारत नाही, फक्त पाजत नाही. म्हशीने पान्हा सोडण्यापुरतं त्याला आचळाला लावायचं, आणि दूध सुटलं की ओढून खुंट्याला बांधायचं. पंधरा-वीस दिवसांत ते स्वतःच्या पायांवर उभं राहायचं थांबतं. किती गेली, हे कुठल्याही वहीत नसतं. तुम्ही आणलेली नऊ त्यातली होती. तुमच्याकडे ती उन्हात पडतील, पोटभर खातील, खोकला आला तर कुणीतरी पहाटे पाचला उठून बघेल. सव्वा वर्षांनी ती जातील, हेही खरं. मला स्वतःला यात पाप दिसत नाही, पण आईला दिसत असेल तर विक्रीच्या दिवशी तिला गोठ्यापाशी थांबवू नका, आणि तिच्यापासून लपवूनही नेऊ नका. आणि तिला जमत असेल तर लहानग्याचं दूध तिच्या हातून पाजा. बायकांच्या हाताने लहान रेडकू लवकर प्यायला लागतं, हे मी शंभरदा पाहिलंय.

गावाच्या हसण्याला माझ्याकडे वेळ नाही, तुमच्याकडेही नसावा. सहा वाजायच्या आत ताडपत्री सोडायची आहे आणि पाचट आणायचं आहे. त्या एकाच्या लघवीचा रंग परवा कसा आहे, ते मला कळवा.